श्रद्धेचा आधार आणि बरे होण्याची अट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आजार आणि श्रद्धा यांविषयी वर्तमानपत्रांत लिहिले जाते ते बहुधा चमत्कारांचे दावे आणि त्यांतून होणारी फसवणूक यांबद्दल. ते लिहिले जायलाच हवे. परंतु दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने डायलिसिसवर असलेला, जालना जिल्ह्यातील एक ख्रिस्ती निवृत्त शिक्षक या नात्याने, पूर्ण बरे होण्याची आशा नसतानाही श्रद्धेतून जो आधार मिळतो त्याविषयी मला लिहावेसे वाटते.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, हातातील फिस्टुलात (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेत) दोन सुया टोचून रक्त यंत्रातून फिरवले जाते. सुयांची सवय होते. तहानेची होत नाही. लघवी जवळजवळ थांबल्यामुळे प्यायलेले पाणी अंगातच साठते, पाय सुजतात, धाप लागते आणि हृदयावर ताण येतो, म्हणून दिवसभराचे पाणी मापून घ्यावे लागते. त्या मापात चहा, ताक, वरणाचे पाणी हे सारे धरावे लागते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना माठाजवळ उभे राहून अर्ध्या पेल्यावर हात आवरणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते. भेटायला येणारी माणसे प्रेमाने जालन्याची मोसंबी घेऊन येतात; पण तिच्यातील पोटॅशियम आमच्या रक्तात साठले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ती पिशवी नातवंडांच्या हाती जाते.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते. त्यांतील पाचवा उद्गार ‘मला तहान लागली आहे’ हा मी लहानपणापासून ऐकत आलो, परंतु आजारपणात तो जसा भिडला तसा पूर्वी कधी भिडला नव्हता. ज्याची मी उपासना करतो त्याचेही ओठ कोरडे पडले होते, त्याला माझी तहान समजावून सांगावी लागत नाही, या जाणिवेने घशाची कोरड जात नाही. रात्र मात्र निभावते.

म्हणूनच काही प्रार्थनासभांमधून ‘विश्वास कमी पडला म्हणून आजार राहिला’ असे जे सांगितले जाते, त्याचे मला फार दुःख होते. एका प्रवचनकाराने तर माझ्या ओळखीच्या रुग्णाला डायलिसिस सोडण्याचा सल्ला दिला होता. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या माणसाने डायलिसिस थांबवले तर बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत मृत्यू येतो, हे अशांना कोणी तरी ठणकावून सांगायला हवे. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने दोघांचेही नाही असे उत्तर दिले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे सतत सलणारी व्यथा, दूर व्हावी म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. तो काटा गेला नाही, कृपा मात्र मिळाली. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, आणि पुढे याच जालन्यात मिशनचे रुग्णालयही उभे राहिले. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावे, यात आमच्या पूर्वजांना विसंगती वाटली नाही.

पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) घरी येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षारस, द्यावे, एखादे स्तोत्र वाचावे, आणि बरे होण्याचे वचन न देता थोडा वेळ बसावे, एवढे आम्हांला पुष्कळ असते. आणखी एक विनंती मराठवाड्यातील सर्वच मंडळ्यांना आहे. अंबड, घनसावंगी, मंठा अशा तालुक्यांतील कित्येक रुग्णांना डायलिसिससाठी शहर गाठावे लागते आणि उपचारानंतर रक्तदाब उतरलेला असताना, चक्कर येत असताना एसटीने परतावे लागते. ज्यांच्याकडे गाडी आहे अशा सभासदांनी आपसांत वार वाटून घेऊन या रुग्णांची, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ने-आण करावी. रविवारच्या उपासनेत निवेदनांच्या वेळी अशा सभासदांची नावे मागता येतील, आणि ते येत्या रविवारपासूनच सुरू व्हावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. जालना