आधी बिल द्या, मग उद्योजक म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला डॅन ओब्रायन या अमेरिकन डेकॅथलॉनपटूवरचा लेख वाचला. लगेच लिहायला बसणार होतो, पण तापलेल्या डोक्याने लिहिलेली पत्रे आपण छापत नाही असा अनुभव आहे, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली. फारसा फरक पडलेला नाही.

लेख वाईट नाही. फोटो तर झकास. पण डेकॅथलॉनचे, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी मिळून होणाऱ्या स्पर्धेचे, दहाही प्रकार 'एकाच दिवसात' उरकतात, असे त्यात छापले आहे. दोन दिवस लागतात हो. पहिल्या दिवशी शंभर मीटर, लांब उडी, गोळा, उंच उडी, चारशे मीटर. दुसऱ्या दिवशी हर्डल्स, थाळी, बांबू उडी, भाला आणि सगळ्यात शेवटी पंधराशे मीटर, जेव्हा पायांत काही उरलेले नसते. ऐकीव सांगत नाही. सोलापूरची कॉलेजे शिवाजी विद्यापीठाखाली होती त्या काळात कोल्हापूरला जाऊन ही दहाही केली आहेत. नंबर कितवा आला ते विचारू नका.

ते असो. माझा राग आहे तो लेखाच्या शेवटच्या परिच्छेदावर. 'आपल्या खेळाडूंनीही सरकारी नोकरीच्या मागे न लागता ओब्रायनप्रमाणे क्रीडा क्षेत्रातच उद्योजक व्हावे' असा सल्ला तुमच्या लेखकाने दिला आहे. सल्ला फुकट असतो हे मान्य, पण तो देण्याआधी ओब्रायनची कथा तरी पुरती सांगायची. मधले पानच गाळले आहे.

१९९२ साली रीबॉक या बुटांच्या कंपनीने ओब्रायन आणि अमेरिकेचाच दुसरा डेकॅथलॉनपटू डेव्ह जॉन्सन या दोघांवर जाहिरातींची मोहीम काढली. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. बार्सिलोनाच्या ऑलिम्पिकमध्ये दोघांत श्रेष्ठ कोण ठरणार, एवढाच प्रश्न सगळ्या अमेरिकेला विचारत सुटले होते. आणि न्यू ऑर्लिन्सच्या निवड चाचणीत, पहिल्या दिवसाअखेर सगळ्यांच्या पुढे असलेल्या ओब्रायनने बांबू उडीत ४.८० मीटरपासून सुरुवात केली. तिन्ही प्रयत्न हुकले. एकही उंची पार नाही, म्हणजे त्या प्रकारात शून्य गुण, म्हणजे ऑलिम्पिक संघाबाहेर. इतक्या पैशांची जाहिरात आणि त्यातला अर्धा हिरो घरी! तरी कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडले नाही, जाहिराती बदलून घेतल्या. जॉन्सन पायाचे हाड दुखावलेले असताना उतरला आणि कांस्य घेऊन आला. सुवर्ण गेले चेकोस्लोव्हाकियाच्या झ्मेलिककडे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये तालांसला ओब्रायनने ८८९१ गुणांचा विश्वविक्रम केला आणि १९९६ ला अटलांटात ऑलिम्पिक सुवर्ण. पुढे तो प्रशिक्षक झाला, समालोचक झाला, व्याख्याने देऊ लागला, त्याच्यामागे हे सगळे आहे. पडलेल्या खेळाडूवर पैसा लावून ठेवणारे कोणीतरी होते.

आता आमचे ऐका.

खेळणे संपल्यावर मी सोलापुरात नवी पेठेच्या आसपास खेळाच्या सामानाचे दुकान टाकले. घरच्यांनी 'त्यापेक्षा चादरीचं टाक' म्हणून सांगितले होते. या धंद्याचे गणित सोपे आहे. माल मेरठ नाहीतर जालंधरहून येतो, पैसे आगाऊ, ट्रान्सपोर्टचे भाडे वेगळे. आणि ॲथलेटिक्सच्या सामानाचे गिऱ्हाईक म्हणजे शाळा, कॉलेज नाहीतर संस्था. घरी न्यायला कोणी हर्डल घेत नाही. संस्था म्हणजे उधारी.

नाव घेत नाही, पण जिल्ह्यातल्याच एका मोठ्या शिक्षण संस्थेचे स्पर्धा भरवायचे ठरले. फोन आला, 'तुम्ही स्वतः खेळाडू, तुमच्याकडूनच घ्यायचं ठरलंय.' हर्डल्स, थाळ्या, भाले, वेगवेगळ्या वजनाचे गोळे, मापाच्या टेपा. कोटेशन तीन लागतात, ती त्यांनीच जमवली. दुसऱ्या एका कोटेशनवाल्याचा नमुन्याचा पाच किलोचा गोळा मी शेजारच्या भुसार दुकानात काट्यावर ठेवून पाहिला, तर काटा साडेचारावरच थांबला. दर अर्थात त्याचाच कमी होता. तेव्हा क्रीडा शिक्षक माझ्या बाजूने भांडले, म्हणून ऑर्डर मला मिळाली. भल्या माणसाला लवकरच दुसऱ्या शाखेत पाठवले.

स्पर्धा थाटात झाली. पाहुणे, ढोल, मशाल, सगळे. बिल मात्र 'प्रोसेसमध्ये'. आज अध्यक्ष बाहेरगावी, उद्या ऑडिट, परवा अनुदान यायचे, मग क्लार्क बदलला, मग 'जुनं बिल सापडत नाही, दुसरी प्रत द्या'. प्रत दिली. तीही सापडेना. आणि बिल फाडले की जीएसटी भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. म्हणजे मला न मिळालेल्या पैशांवर मी सरकारला कर देऊन मोकळा.

याच्या पुढची गंमत खरी. त्याच संस्थेने क्रीडा दिनाला, म्हणजे २९ ऑगस्टला, माजी खेळाडूंचा सत्कार ठेवला. बोलावणे आले. वाटले, निदान तिथे अध्यक्ष समोरासमोर भेटतील. भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिले आणि माइकवरून म्हणाले, 'आपल्या खेळाडूंनी नोकऱ्या मागणारे नव्हे, देणारे व्हावे. हे बघा आमचे उदाहरण.' टाळ्या पडल्या. मी शाल सावरत त्यांच्या कानाशी लागून म्हटले, 'साहेब, ते बिल...' साहेब फोटोग्राफरकडे बघून हसत होते. हसतच म्हणाले, 'होऊन जाईल की, आज कशाला?' त्या फोटोत मी तोंड उघडे टाकून उभा आहे. तुमच्याच पेपरात आला होता, खाली 'उद्योजक खेळाडू' असे नाव घालून. शाल चांगली होती, खोटे कशाला बोलू.

मग दुकान चालते कशावर, असे कोणी विचारेल. ट्रॉफ्यांवर. कोणा भाऊंचा वाढदिवस, कोणा दादांचा चषक, टेनिस बॉलच्या स्पर्धा, त्यांना लागणारे कमरेएवढे सोनेरी करंडक आणि नाव छापलेले टी-शर्ट. ते गिऱ्हाईक रोख देते, वर चहा पाजते. करंडक जितका उंच तितका खेळ बेताचा, हे माझे काउंटरवरून केलेले निरीक्षण. दुकानातला ७.२६ किलोचा गोळा मी आता दार उघडे राहावे म्हणून दाराला लावतो. त्या अर्थाने क्रीडा उद्योजक आहेच मी.

तेव्हा नोकरीच्या मागे लागू नका असे पोरांना सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या उधारीच्या वह्या चाळाव्यात. मी तर दुकानात येणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्या पोराला सांगतो, रेल्वे मिळाली रेल्वे घे, पोलीस मिळाले पोलीस. पगार एक तारखेला होतो. धंदा बापाचा असेल तर कर.

जाता जाता आणखी एक. ओब्रायनला अख्खे पान दिलेत, चांगले केलेत. पण २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तेजस्विन शंकरने ७६६६ गुणांचा राष्ट्रीय विक्रम करून याच डेकॅथलॉनमध्ये रौप्य मिळवले, तेव्हा तुम्ही किती जागा दिली होती? १९७४ ला तेहरानमध्ये विजयसिंह चौहान सुवर्ण जिंकले, त्यानंतर भारताला या प्रकारात एशियाडचे पदक थेट २०२३ मध्येच मिळत होते. मी तो अंक पानोपान शोधला. पदकतक्त्याच्या पोटात एक ओळ सापडली, नावात चूक. आणि आमच्या जिल्ह्याच्या ॲथलेटिक्स स्पर्धांचे निकाल तर क्लासच्या जाहिरातीखाली असे कापले जातात की पहिला कोण ते कळते, दुसरा-तिसरा कात्रीत जातो. ज्या पोराचे नाव पहिल्यांदा पेपरात येणार असते ते नेमके तिसरे आलेले असते. त्याची आई अंक घेऊन माझ्या दुकानात येते आणि विचारते, 'कुठंय हो?'

पुढच्या रविवारी निदान 'एकाच दिवसात'ची दुरुस्ती छापावी, ही विनंती. शेवटच्या परिच्छेदाची छापलीत तर उत्तमच.

आपला,
एक जुना वाचक आणि दुकानदार, सोलापूर

(नाव छापू नये. बिल अजून यायचे आहे.)