नागीण उतरवायला नेऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या वर्षी माझ्या आईला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) निघाला, दर २१ दिवसांनी केमो. केस जाणार, जेवण जाणार नाही हे सगळ्यांनी सांगितलेलं. पण तिसऱ्या केमोनंतर कमरेला एकाच बाजूला आग व्हायला लागली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पाण्याने भरलेल्या फोडांची ओळच. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, पलीकडच्या गावात एक जण उतरवून देतात, गेरू लावतात. वर नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस वाचत नाही हेही ऐकवून गेल्या. आणि मी, चांगला शिकलेला माणूस, स्वतः गाडी काढून आईला तिकडे घेऊन गेलो. दोन दिवस त्यात घालवले.

केमोच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, फोड कधी उठले? व्हायरसवरचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो म्हणे, आम्ही अगदी काठावर पोचलेलो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तोच व्हायरस नसांमध्ये झोपून राहतो, केमोने प्रतिकारशक्ती खाली आली की उठतो, यात साप कुठेच नाही. धडधाकट माणसाची नागीण बहुतेक वेळा कमरेवर नाहीतर छातीवर थांबते, पण अशा पेशंटची अंगभर, अगदी फुफ्फुसापर्यंत पसरू शकते. आईचे फोड वाळले पण आग तीन महिने राहिली, साडीचा काठ लागला तरी कळवळायची.

ट्रीटमेंटच्या आधी हेपटायटिस बीची टेस्ट करायला लावली तेव्हा मी कुरकुर केली होती, की हिला कधी साधी कावीळ झाली नाही, कशाला उगाच खर्च. नंतर कळलं की तिच्या औषधाने लिव्हरमधला झोपलेला तो व्हायरसही उठू शकतो म्हणून आधी बघतात. हे कुणी दोन वाक्यांत मराठीत सांगितलं असतं तर! आमची फाईल सगळी इंग्लिशमध्ये. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, ही सगळ्यात महत्त्वाची ओळ त्यात सातव्या पानावर बारीक अक्षरात. हॉस्पिटलांनी एक मराठी कागद दिला तर काय बिघडतं? घरातल्यांनी फ्लूची लस घ्यावी, आणि पेशंटने जिवंत व्हायरसच्या लसी टाळाव्यात, एवढं तरी त्यात लिहा. नागिणीची, जिवंत व्हायरस नसलेली लस भारतात मिळते, महाग आहे, पण कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारता तरी आलं असतं.

आणि भेटायला येणारे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात आणि नेमकी तेव्हाच माणसं येतात, कारण तोवर उलट्या थांबून पेशंट जरा उठून बसलेला असतो. मामा सर्दीने नाक पुसत आले, म्हणे साधी सर्दी आहे, माझ्यामुळे काय होतंय. आईनेच त्यांना अंगणातून परत पाठवलं, आणि आता दाराला पाटी लावलीय, सर्दी खोकला असेल तर फोन करा. मामा अजून रुसलेत.

— एक वाचक, तासगाव