किडनी म्हणजे नुसती गाळणी नव्हे

संपादक साहेब,
नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत किडनी आणि फुफ्फुसांवर पानभर मजकूर आला होता, चित्रं झकास होती पण वाचून जरा चिडचिड झाली म्हणून लिहितोय. किडनी म्हणजे गाळणी, फुफ्फुसं म्हणजे फुगे, दोन चौकटी दोन चित्रं, संपला विषय. त्यात भर म्हणून पानाच्या तळाशी "सात दिवसांत किडनी साफ करणारं पेय"! अहो जी बिचारी दिवसरात्र सगळ्या अंगाची साफसफाई करते तिलाच कोण धुणार आणि कशाने?

गाळणीचंच घ्या. घरातल्या गाळणीत चोथा वर अडकतो आणि कामाचं खाली जातं. किडनीत उलटाच कारभार, ती रक्तातल्या पेशी आणि प्रोटीन तेवढं अडवते आणि बाकी पाणी, साखर, क्षार, युरिया सगळं सरसकट खाली सोडते, मग पुढच्या बारीक नळ्यांमधून जे कामाचं ते वेचून वेचून परत रक्तात घेते. दिवसाला साधारण 180 लिटर पाणी असं खाली येतं आणि लघवी होते दीड-दोन लिटर, बाकीचं सगळं परत. तब्येत ठीक असेल तर साखर जवळपास सगळीच परत जाते, म्हणून तर लघवीत साखर दिसली की डॉक्टर कान टवकारतात. प्रत्येक किडनीत अशी सुमारे 10 लाख युनिट्स (नेफ्रॉन म्हणतात त्यांना) आणि गेलेलं एकही पुन्हा उगवत नाही.

फुग्याचंही तेच. फुगा फुगवायला हवा आत ढकलावी लागते. आपण श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली सरकतो, छाती मोठी होते, फुफ्फुसं ओढली जातात आणि हवा आपोआप आत येते. आत फुग्यासारखी पोकळीही नाही, कोट्यवधी वायुकोशांचा स्पंज आहे. आणि श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते बरं का, कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते.

पण माझी खरी तक्रार त्या दोन चौकटींबद्दल आहे. माझ्या वडिलांच्या किडन्या हळूहळू जात होत्या तेव्हाची गोष्ट. एका रात्री त्यांचा श्वास भात्यासारखा चालायला लागला, खोल आणि भराभर, खोकला नाही ताप नाही, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर 97 दाखवतंय, म्हणजे ऑक्सिजन ठीक, आणि श्वास काही थांबेना. आम्हाला वाटलं न्यूमोनिया, धावत नेलं, एक्स-रे काढला तर छाती साफ. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, फुफ्फुसांना काही झालेलं नाही, ती किडनीचं राहिलेलं काम उपसतायत.

तेव्हा कुठे समजलं. शरीरात रोज ॲसिड तयार होतं, पण रक्ताचा पीएच (आंबटपणाचं माप) 7.35 ते 7.45 एवढ्याशा पट्ट्यातच राहायला हवा. कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून होणारं ॲसिड फुफ्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात, बाकीचं ॲसिड मात्र किडनीच लघवीतून काढू शकते. किडनी थकली, ॲसिड साचलं, की मेंदू फुफ्फुसांना सांगतो जेवढा कार्बन डायऑक्साइड फेकता येईल तेवढा फेका. फुफ्फुसं हे काही मिनिटांत करतात, फक्त ती किडनीवाटचं ॲसिड काढू शकत नाहीत, वेळ मारून नेतात. उलटही होतं, फुफ्फुसं जुनाट आजाराने अडली तर किडनी दोन-चार दिवस घेऊन रक्तात बायकार्बोनेट (ॲसिड मारणारा क्षार) राखून ठेवते आणि तोल सांभाळते. वडिलांना त्याच रात्री डायलिसिसवर घेतलं, सकाळपर्यंत तो भाता शांत झाला. फुफ्फुसांचं एकही औषध दिलं नव्हतं.

अजून एक, हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून त्यांना जे इंजेक्शन द्यायचे त्यात असतं ते खरं तर एरवी किडनीच बनवते ते हार्मोन. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे किडनीला कळतं आणि ती हाडांतल्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. म्हणजे फुफ्फुसांनी घेतलेला ऑक्सिजन वाहून न्यायला गाड्या पुरतायत का, हे बघणारी पण किडनीच.

तेव्हा पुढच्या वेळी दोन्ही अवयव एकाच चित्रात दाखवा आणि मधे बाण काढा, दोन्ही बाजूंनी. आणि त्या पेयाच्या जागेवर एवढंच छापा की क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्तात मोजतात) बऱ्याचदा किडनीचं निम्मं काम गेल्यावरच वाढलेलं दिसतं, म्हणून शुगर-बीपी असलेल्यांनी लघवीतल्या प्रोटीनची तपासणी पण दरवर्षी करून घ्यावी. आमच्याकडे ती कोणी केलीच नव्हती, क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून सगळे निवांत होतो.

आपला,
एक नियमित वाचक