फटफट्यांची अंत्ययात्रा

सांगली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "मोटारसायकलवरच्या त्या दाढीवाल्या गुंडांच्या सिनेमांत तुला एवढं दिसतं तरी काय?" तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवावा लागला. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' तुला ठाऊक आहेच. १९५३ सालचा, ट्रायम्फ थंडरबर्ड मोटारसायकलवाला. इंग्लंडच्या सेन्सॉरने तो १९६७ पर्यंत अडवून धरला होता. नाव मोठं आहे, पण मला तो फार घासूनपुसून काढलेला वाटतो. माझा जीव अडकलाय तो त्यानंतरच्या, कमी पैशांत आणि घाईघाईत उरकलेल्या सिनेमांत.

१९६६ च्या सुरुवातीला 'लाइफ' मासिकात एक फोटो छापून आला. हेल्स एंजल्स टोळीतला एक जण वारला होता आणि त्याच्या अंत्ययात्रेला सगळे आपापल्या मोटारसायकली घेऊन निघाले होते. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने तो फोटो पाहिला आणि त्याच वर्षी 'द वाइल्ड एंजल्स' पडद्यावर आणला. म्हणजे बघ, पुढची पाच-सहा वर्षं अमेरिकेत या सिनेमांचं जे पीक आलं, त्याचं बी एका मयताच्या फोटोत होतं. गर्दीसाठी कॉर्मनने खरेच हेल्स एंजल्स आणले, त्यांच्या गाड्यांसकट. नायकाचं काम आधी दुसऱ्या नटाला दिलं होतं, पण त्याला गाडी चालवता येईना, म्हणून ते पीटर फोंडाकडे गेलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा तूच आठवलास. गाडीवर बसलेला माणूस खरा आहे की सोंग, हे तू क्लचवरच्या बोटांवरून सांगतोस.

त्या सिनेमात चर्चमध्ये टोळीवाले जे करतात ते बघवत नाही. बाईवरचा अत्याचार, शवपेटीवर टाकलेला नाझी झेंडा... त्यातलं काहीही मला आवडतं असं मनातसुद्धा आणू नकोस. पण शेवट बघ. दफनाच्या वेळी गावकऱ्यांशी मारामारी जुंपते, लांबून पोलिसांचा भोंगा ऐकू येतो, सगळे किका मारून पळतात. फोंडा एकटा मागे राहतो. दोस्ताच्या खड्ड्यात फावड्याने माती लोटत राहतो. भोंगा जवळ येतो, हा माती लोटतोय. ना भाषण, ना रडारड. इतका दांडगा सिनेमा, आणि शेवटी उरतं ते एक फावडं.

ऑस्ट्रेलियात १९७४ मध्ये सँडी हारबट नावाच्या माणसाने 'स्टोन' काढला. लिहिण्यात वाटा, निर्मिती, दिग्दर्शन, वर टोळीच्या म्होरक्याचं कामही स्वतःच. पूर्ण लांबीचा असा त्याने हा एकच सिनेमा केला. टोळीचं नाव ग्रेव्हडिगर्स, म्हणजे कबरी खणणारे. व्हिएतनामच्या युद्धावरून परत आलेली पोरं. कुणीतरी त्यांना एकेक करून मारतंय, म्हणून एक पोलीस त्यांच्यात येऊन मिसळतो. त्याच्याकडे नॉर्टन मोटारसायकल आणि बाकीच्यांकडे कावासाकी झेड-वन. अभिनय काही ठिकाणी अगदी कच्चा आहे, मान्य. पण अंत्ययात्रेचा प्रसंग आला की मी आवाज पूर्ण मोठा करतो. सुमारे चारशे गाड्या, सिडनीजवळचा हायवे आणि संपता न संपणारी रांग. आपल्या बुलेटचं फायरिंग कसं सुटं सुटं, छातीवर थाप मारल्यासारखं? हे तसं नाही. चार सिलिंडरची ती एकसंध घोंघों अंगावर चाल करून येते. मोठ्या स्टुडिओने पैसे ओतून असली रांग उभी केली असती, तर सगळ्या गाड्या एकाच दिवशी धुतलेल्या दिसल्या असत्या. इथे प्रत्येक गाडीवर वेगळी धूळ आहे.

आणि निव्वळ धमाल हवी असेल तर १९७३ चा इंग्लंडमधला 'सायकोमेनिया'. टोळीचा म्होरक्या मरून परत यायचं ठरवतो. दोस्त त्याला पुरतात ते चक्क गाडीवर बसवून! कबरीत ताठ बसलेला, अंगात जाकीट, हात हँडलवर. एक पोरगा गिटारवर गाणं म्हणतोय, पोरी फुलं टाकतायत, वरून माती पडतेय. काही वेळाने जमिनीच्या आतून किक बसल्याचा आवाज येतो आणि माती उधळत गाडी सुसाट बाहेर! मी घरात एकटाच होतो तरी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सहा महिने बंद पडलेली गाडी पहिल्या किकेत चालू झाली असती, तरी मला तेवढा आनंद झाला नसता.

आता मुद्द्याचं. आपले उस्ताद गेले तो दिवस आठव. तू त्यांची जुनी येझदी चालू न करता, न्यूट्रलवर ढकलत तिरडीमागून आणलीस. स्मशानाच्या दाराशी तिला किक मारलीस आणि तशीच फडफडत ठेवलीस. तो निळा धूर, ऑइलचा वास. कुणीतरी म्हणालं, "बंद कर रे." उस्तादांचा थोरला म्हणाला, "राहू दे." पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत आपण सगळे उभे होतो. त्या वेळी यातला एकही सिनेमा आपण पाहिलेला नव्हता. पुढे 'स्टोन' पाहताना ती रांग सुरू झाली आणि माझ्या नाकाला त्या निळ्या धुराचाच वास आला. मला काय दिसतं म्हणालास ना, ते हे.

दिवाळीत दोन दिवस शटर खाली ओढ आणि ये. 'स्टोन' आधी लावू, 'सायकोमेनिया' जेवणानंतर. वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
अण्णा

ता. क. – एक राहिलंच. 'ईझी रायडर' या सिनेमातली लांब फोर्कची, टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेली हार्ले आठवते ना? पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या गाड्यांवरून ती बनवली बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी. सिनेमाच्या नामावलीत दोघांचंही नाव नाही. कितीतरी वर्षं कुणाला ठाऊकही नव्हतं. तुझ्या भिंतीवर त्या गाडीचं पोस्टर आहे. त्याच्याखाली ही दोन नावं मार्करने लिहून टाक.