लसीची सक्ती करायचीच तर साखर कारखान्यांवर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालकांचं लसीकरण कायद्याने सक्तीचं करावं, लस न देणाऱ्या आई-बापांचं रेशन आणि सरकारी योजना बंद कराव्यात, अशा आशयाची पत्रं सध्या आपल्या अंकात येत आहेत. मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झाले. प्रत्येक बाळाला प्रत्येक डोस वेळेवर मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. गोवर अंगावर पुरळ उठवून निघून जातो असं समजणाऱ्यांनी त्यानंतर होणारा न्यूमोनिया पाहिलेला नसतो. पण या पत्रांमधून ज्या आई-बापांवर बडगा उगारायची भाषा होते, ते मला फारसे भेटलेच नाहीत.

लस नको म्हणणारी बाई क्वचित भेटली. लस हवी असून चुकलेल्या बायका मात्र दरवर्षी भेटायच्या आणि त्यातल्या बहुतेक उसतोडीला जाणाऱ्या. दसरा झाला की आमच्याकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे बाळ लहान आहे म्हणून मागे राहता येत नाही. श्रावणात जन्मलेल्या बाळाला दीड महिन्याचा पेंटा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा डोस, गावात मिळतो. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस येईपर्यंत टोळी निघून गेलेली असते. चैत्रात जन्मलेल्याचे नऊ महिने पौषात भरतात. गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसाची ती वेळ, आणि तेव्हा ते लेकरू सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर, कोपीतल्या (पाचटाच्या झोपडीतल्या) झोळीत असतं.

तिथलं लसीकरण सत्र गावच्या अंगणवाडीत दिवसा भरतं. त्या वेळी आई फडात मोळ्या बांधत असते. कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहिलेलं. कार्ड नाही म्हणून बाळाला परत पाठवायचं नसतं, असा नियम आहे, पण अनोळखी गावात तो नियम त्या बाईच्या बाजूने सांगणार कोण? गोवर-रुबेलाच्या कुपीत एकापेक्षा जास्त डोस असतात आणि ती कालवली की चार तासांत टाकून द्यावी लागते. एका बाळासाठीसुद्धा कुपी फोडायची, असंही लेखी आहे. तरी लस वाया गेल्याचा जाब द्यावा लागेल या भीतीने ‘पुढच्या सत्राला या’ असं सांगितलं जातं. पुढच्या सत्रापर्यंत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या की मी राहिलेल्या डोसांची यादी घेऊन घरोघर जायची. एका घरी राहिलेल्या डोसांबद्दल विचारलं तेव्हा ती बाई म्हणाली, “सिस्टर, सुई टोचल्यावर लेकरू रातभर फणफणलं तर सकाळी फडात कोण जाईल? एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. ते तुम्ही देता का?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पेंटानंतर ताप येतो, मांडीला गाठ येते. दोन दिवसांत ते उतरतं, पॅरासिटामॉलचा डोस समजावून दिला तर रात्र निभते. पण उसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, बायको बसली की नवऱ्याचंही काम अडतं. त्या बाईला एक दंड आधीच बसतो. त्यावर सरकारने दुसरा ठेवला तर ती लस द्यायला येणार नाही, नर्स दिसली की लेकराला लपवेल.

शहरी, शिकलेल्या घरांतला नकार निराळा आहे. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते हे तिथे अजूनही ऐकायला मिळतं. ज्या शोधनिबंधावरून हे सुरू झालं तो १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, अवघ्या १२ मुलांवरचा, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी लेखक वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. आपल्याकडे २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी शाळाशाळांमध्ये गोंधळ उडवला, तोही सगळ्यांनी पाहिला. अशा पालकांना बालरोगतज्ज्ञ हाताशी असतो. त्यांच्यासाठी शाळाप्रवेशाच्या वेळी लसीची नोंद मागावी, नसेल तर डॉक्टरसमोर बसवून बोलावं, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र मुलाचा प्रवेश अडवू नये. आई-बापांच्या हट्टासाठी मुलाची शाळा का बुडावी?

इटलीने २०१७ मध्ये १० लसी सक्तीच्या केल्या, फ्रान्सने २०१८ पासून ११. तिथे लसीकरण वाढलं, हे मान्य करायला हवं. पण तिथे लस मिळण्याची सोय आधीपासून होती, अडचण पालकांच्या मनात होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १२ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी साधारण ७३ टक्के बालकांचंच लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. गोवर रोखायचा तर ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचावं लागतं. मधल्या फटीत काय होतं ते २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात दिसलं. करोनाच्या काळात सत्रं विस्कळीत झाली, डोस राहिले आणि दाटीवाटीच्या वस्त्यांमध्ये गोवराने लहान मुलं दगावली.

सक्ती आपल्याला नवीन नाही. मुंबईत देवीच्या लसीची सक्ती करणारा कायदा १८७७ चा. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मात्र १९७५ च्या मे महिन्यात सापडला, तोही घरोघर रुग्ण शोधून, त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना लस टोचत गेल्यावर. पोलिओसाठी तर असा कायदा नव्हताच. आम्ही वीटभट्ट्यांवर गेलो, एसटी स्टँडवर उभे राहिलो, पाजलेल्या प्रत्येक बाळाच्या करंगळीला शाई लावली, सुटलेली घरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा धुंडाळली. २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बचावली. लस सक्तीची झाल्यावर असं काही घडलं, किंवा लाखांत एखाद्याला लसीचीच गंभीर प्रतिक्रिया आली, तर त्या घराला काय मिळणार? अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून अशा मुलांसाठी भरपाईची योजना उभी केली, प्रत्येक डोसावर कर लावून. सक्तीचा मसुदा लिहिणाऱ्यांनी भरपाईचं कलम त्यात पहिल्यांदा लिहावं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही करोना लसीच्या प्रकरणात सांगितलं आहे, की कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही.

तरीही सरकारला सक्ती करायचीच असेल, तर ज्याला सोय करता येते त्याच्यावर करावी. गाळप हंगामाआधी प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्यात अट घाला: तळावर येणाऱ्या प्रत्येक टोळीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी पहिल्या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे, महिन्यातून एकदा तळावरच, गाड्या खाली करून बायका कोपीवर परतल्यावर, संध्याकाळी सत्र झालं पाहिजे, लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आईचा खाडा धरायचा नाही आणि तिची मजुरी कारखान्याने भरायची. आरोग्य खात्याने आपल्या बाजूने त्या सत्राला नर्ससोबत पॅरासिटामॉल द्यावं आणि नोंद यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर करावी, म्हणजे पाडव्याला बाळ परत आल्यावर इथल्या सेविकेला त्याचा कुठला डोस राहिला ते मोबाइलवर दिसेल. परवान्यांचे अर्ज पावसाळ्यातच सुरू होतात. ही अट यंदाच्याच हंगामाला लागू व्हावी, एवढी माझी आयुक्तांना आणि आरोग्यमंत्र्यांना विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. गेवराई, जि. बीड