शीड कुठे आणि कधी चढवायचं ते आधी शिकवा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या सेलिंगवरचा लेख वाचला, लेख छानच आहे पण सोबतच्या फोटोत छोटी कॅटमरान (दोन सांगाडे जोडून केलेली शिडाची बोट) कोरड्या वाळूत, दोन्ही शिडं वर, शिडांच्या दोऱ्या क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) आवळलेल्या आणि चार पोरं तिला पाण्याकडे ढकलताहेत, ते बघून राहवलं नाही.

शिकवणारे खोल पाण्यातलं सगळं शिकवतात, टॅक आणि जाइब (वारा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला घेत वळणं), ट्रॅपीझ (तारेला लटकून बोट तोलणं). बोटी मोडतात मात्र काठालगत, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

आपल्याकडे दुपारी खारा वारा सुटतो, म्हणजे वारा तोंडावर आणि लाटाही तोंडावर. होबी कंपनीच्या होबी 16 सारखी कॅटमरान साधारण 145 किलोची, तिला सेंटरबोर्ड, म्हणजे बोट आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी, नसतो, त्यामुळे वेग येईपर्यंत ती नुसती आडवी सरकत राहते. नाक थेट वाऱ्यात धरून निघायला गेलात की बोट जागीच थांबते, मग पुढची लाट तिला मागे फेकते आणि अर्धवट सोडलेले रडर (सुकाणू) वाळूत आपटतात. म्हणून दोन्ही शिडांच्या दोऱ्या आधी पूर्ण मोकळ्या, शिडं फडफडू देत, आवाजाला घाबरायचं नाही. एकाने कमरेएवढ्या पाण्यात नाक धरायचं, पण समुद्राच्या बाजूला उभं राहून, बोट आणि किनारा यांच्या मधे कधीच नाही, कारण लाटेबरोबर ती अंगावर आली तर कोणाच्याच हाताने थांबत नाही. दुसऱ्याने चढून रडर जमतील तेवढे खाली करायचे, मोठ्या लाटा निघून गेल्या की नाक जरा बाजूला वळवायचं, पुढच्याने चढायचं, आणि मग आधी पुढचं छोटं शीड ओढायचं, त्यामागोमाग मोठं. आधीच मोठं ताणलं तर अर्धवट वर असलेले रडर बोटीला सांभाळू शकत नाहीत, ती वाऱ्याकडे फिरते आणि परत पहिल्यापासून सगळं.

सकाळी मतलई वारा असतो तेव्हा निघणं सोपं वाटतं, पण गंमत बघा, नाक समुद्राकडे ठेवून मोठं शीड चढवलं तर ते डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारांना टेकतं, त्यातला वारा काढताच येत नाही आणि बोट माणसं चढायच्या आत पळते. तेव्हा नाक जमिनीकडे करून शीड चढवा, बोट उलटी पाण्यात न्या, मग वळवा.

परत येतानाचं तर विचारूच नका. लाटा फुटतात त्याच्या बाहेरच मोठं शीड उतरवून छोट्या शिडावर यावं हे सगळ्यांना माहीत असतं, पण होबीचं हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) डोलकाठीच्या टोकाला अडकवलेलं असतं, ते सोडवायची एक ढब आहे, ती वाळूवर घोटूनच बसते, हलत्या बोटीवर पहिल्यांदा करून बघायची गोष्ट नाही ती.

आणि विजेच्या तारा! डोलकाठी 26 फुटांच्या वर जाते, जुन्या बोटींची तर शेंड्यापर्यंत अॅल्युमिनियमची. अमेरिकेत डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसं गेली, त्यानंतर होबी कंपनीने शेंड्याचा भाग वीज न वाहणारा केला. आपल्याकडे कित्येक पुळणींवर रस्त्यापासून वाळूपर्यंत, वडापावच्या टपऱ्यांवरून तारा लोंबताहेत आणि त्यांच्याखालीच लोक बोटी जोडायला घेतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, जिथे जिथे सेलिंग सुरू करताय तिथे पुळणीचा एक पट्टा दोन बोयांनी आखून शिडाच्या बोटींसाठी मोकळा ठेवा, त्यात जेटस्की नको, बनाना बोट नको, पोहणारे नकोत, वर तारा नकोत. आणि शिकाऊ मुलांना पहिले काही दिवस फक्त निघणं आणि परत लागणं, दुपारच्या वाऱ्यात, जाणत्या माणसासोबत. पालक कंटाळतील, पैसे भरून पोरगं अजून गुडघाभर पाण्यातच का म्हणून विचारतील. विचारू देत.

आपला,
एक वाचक, अलिबाग