मिठागराच्या वाफ्यात उतरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या फेब्रुवारीत गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरात पाहिलेला प्रसंग डोक्यातून जात नाही. फिरायला आलेली चार-पाच मुलं बांधावरून थेट वाफ्यात उतरली आणि ‘मड बाथ, मड बाथ’ करत चिखल अंगाला फासू लागली. आगरातली मावशी धावत येईपर्यंत तळात घोट्याइतकी खोल पावलं उमटली होती. ती ओरडली नाही. उकिडवी बसून एकेक पाऊल तळहाताने थापू लागली.

पावसात बुडालेलं आगर दिवाळीनंतर उपसतात, गाळ काढतात, मग ओली चिकणमाती पायांनी तुडवून, लाकडी पेटण्याने चोपून घोटतात. त्यात आठवडेच्या आठवडे जातात. तळ असा घट्ट झाला, तरच मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीला घेतलेलं आणि उन्हात दाट झालेलं पाणी त्यावर मीठ धरतं. पाऊल रुतलं की पाणी तिथे मुरतं आणि फळीने मीठ ओढताना चिखल वर येतो. असलं मीठ माडाच्या मुळात घालावं. चेपणीच्या, म्हणजे मिठात मुरवायच्या, आंब्यांना ते चालत नाही.

चिखल अंगाला लावण्याला माझा विरोध नाही. जहाजावर नोकरीत असताना बल्गेरियातल्या बुर्गास बंदरात उतरलो होतो. शहराला लागूनच अतानासोव्स्को सरोवर आहे, तिथे १९०६पासून मीठ पिकवतात. सूक्ष्म शेवाळामुळे पाणी चक्क गुलाबी! काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल लोक अंगभर लावतात, तो तडकेपर्यंत उन्हात उभे राहतात आणि मग खाऱ्या पाण्यात धुतात. त्या पाण्यात अंग आपोआप तरंगतं. मीही लावला, गुडघ्यांना बरं वाटलं. पण तिथे लोकांनी उतरायची जागा वेगळी आणि मिठाचे वाफे वेगळे.

आपल्याकडे पडीक आगरं का थोडी आहेत? पंचायत आणि पर्यटन खात्याने आगरवाल्यांशी बोलून त्यांतलं एखादं यासाठी राखावं, शुल्क आगरवाल्यांनाच मिळावं आणि चालू वाफ्यांच्या बांधावर ठळक फलक लावावेत. १८७८च्या पोर्तुगीज-इंग्रज करारानंतर आपलं गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं, ते १८९२पर्यंत. तेवढं सोसूनही ज्यांनी आगरं राखली, त्यांच्यासाठी एवढं तरी व्हावं.

त्या मावशीच्या हातात मे अखेरपर्यंतचेच दिवस असतात. जूनची पहिली सर येण्याआधी मिठाची रास माडाच्या चुडतांनी झाकायची असते.

– एक निवृत्त तारवटी, पेडणे